भागूमावशीचं पाप

या, जरा पुढं सरका. मागं खांबाला टेकून बसणाऱ्याला प्रसाद मिळतो, कथा मिळत नाही, असं आमचे आगाशेबुवा म्हणायचे. बुवांसारखा गळा देवानं मला दिला नाही, चिपळ्या धरल्या तर त्याही चुकतात. पण पोलिसात जन्म घालवून निवृत्त झालेल्या माणसाकडं गोष्टींना काय तोटा? त्यातली एक आज सांगतो. देवीच्या चोरीची आहे आणि एका म्हातारीच्या पापाची आहे. गावाचं नाव तेवढं विचारू नका, गाव अजून नांदतंय.

"नारळ कुठं फोडायचा, खटावकर? स्क्रीनवर नका फोडू म्हणजे झालं!"

भोइटेसाहेब मला असं म्हणाले आणि सगळ्या ठाण्यात हशा पिकला. साहेब आमचे निरीक्षक, तरुण, हुशार, मनानं सरळ. त्या दिवशी ठाण्यात तपासाचा नवा प्रोग्राम आला होता. त्याचं इंग्रजी नाव इतकं लांबलचक होतं की मी आपला त्याला चित्रगुप्त म्हणायला लागलो, आणि आठवड्याभरात साहेबसुद्धा तेच म्हणू लागले. फोनमधलं पुसून टाकलेलं परत आणायचं, कुठला फोन केव्हा कुठं होता ते नकाशावर दाखवायचं, कोण कोणाबरोबर उठतो-बसतो त्याचं जाळं विणून द्यायचं, आणि गोंगाटातला एकेक आवाज तांदळातल्या खड्यासारखा वेचून बाजूला काढायचा, एवढी विद्या त्याच्या पोटात होती. मी मॉनिटरला कुंकू लावलं, हार घातला आणि नारळ बाहेर पायरीवर फोडला.

पाहुणे म्हणून जानाई देवस्थानचे सचिव नाना इंगवले आले होते. गावात फीत कापायची म्हटली की कात्री नानांचीच. साहेबांनी झकास भाषण केलं.

"गुन्हेगार गुन्ह्याला निघताना पहिलं काम कोणतं करतो? फोन बंद! आजवर आम्ही चालू फोनांच्या मागं धावत होतो. आता हा चित्रगुप्त बंद झालेले फोन शोधणार. ज्याचा फोन चालू, त्यानं निर्धास्त झोपावं. यंत्र खोटं बोलत नाही!"

टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या. नानांनी जरा जास्त वेळ वाजवल्या.

आता आमच्या गावातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. मुरलीधराच्या देवळात दर एकादशीला आगाशेबुवांचं कीर्तन असायचं. बुवा मोठे रसाळ, पण फोनाचं नाव काढलं की जमदग्नी. दारातच एक वेताची परडी ठेवलेली. येणाऱ्यानं फोन बंद करायचा, परडीत टाकायचा, मग आत. "गप्प केलेला चालणार नाही हो," बुवा म्हणायचे, "गप्प केलेला माणूस मनातल्या मनात बोलतच असतो. बंद म्हणजे बंद!" मी पोलीस असूनसुद्धा रजा टाकून, फोन बंद करून परडीत टाकायचो. त्या दोन तासांत गावात दंगल झाली असती तर मला आरतीनंतर कळली असती.

भाद्रपदातल्या एकादशीला मात्र मला कीर्तन चुकलं. साहेबांनी मला जिल्ह्याला धाडलं होतं, चित्रगुप्त कसा चालवायचा ते शिकायला. आणि नेमकी त्याच संध्याकाळी, सगळं गाव मुरलीधराच्या देवळात असताना, गावाच्या दुसऱ्या टोकाला जानाईच्या देवळातून देवीचा चांदीचा मुखवटा गेला. मी चोर कसा धरावा ते शिकत होतो, आणि ते शिकत असतानाच चोरी झाली. देवाला विनोदाचं वावडं नाही, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

मुखवटा फक्त नवरात्रात देवीला चढायचा. एरवी लोखंडी कपाटात. कपाट फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलं होतं. किल्ल्या दोन. एक देवीचा गुरव माधव याच्याकडं, दुसरी सचिव म्हणून नानांकडं. सकाळी नानाच धापा टाकत ठाण्यात आले.

"साहेब, मुखवटा उजळायला द्यायचा म्हणून कपाट उघडलं, तर आत नुसतं लाल फडकं! आणि साहेब, किल्ली माझ्याकडंही आहे, तेव्हा आधी मलाच तपासा. हा घ्या माझा फोन. मला लपवायचं काय?"

साहेब भारावले. दोघांचे नंबर चित्रगुप्ताला दिले. त्यानं घटकाभर विचार केला आणि दोन रंग दाखवले. नानांचा फोन हिरवा. संध्याकाळभर चालू, संध्याकाळभर मुरलीधराच्या देवळात, जागचा हललेला नाही. मधे तीन फोन आलेले, तिन्ही न उचललेले.

"बघा, याला म्हणतात भाविक माणूस," साहेब म्हणाले. "कीर्तनातून फोन घ्यायला उठला नाही."

माधवचा फोन लालभडक. कीर्तनाच्या सुमाराला बंद झालेला आणि आरतीच्या सुमाराला चालू.

माधव गुरव म्हणजे बुवांचा तबलजी. त्याच्या बापानं बुवांच्या बापाला साथ केली होती. पण त्या एकादशीला तो तबल्यावर नव्हता. चुलतभावजय वारलेली, भावकीला सुतक. देवीची पूजासुद्धा शेजारगावच्या गुरवावर सोपवलेली. त्याला आणायला आमचे दोन शिपाई गेले ते तसेच जीपच्या दोन्ही बाजूंनी चालत आले, आणि ड्रायव्हरच्या मागं माधव एकटाच जीपमध्ये बसलेला.

"हे काय?" साहेब ओरडले.

"साहेब, सुतकात हाय मी," माधवच म्हणाला. "शिवू नका, आंघोळ करावी लागंल. ह्यांनी तरी किती आंघोळी करायच्या?"

"एकादशीला संध्याकाळी कुठं होतास?"

"कीर्तनाला."

"तबल्यावर तर कंपाउंडर शेटे होते म्हणे."

"व्हय. मी आत कसा जाणार? मागल्या खिडकीखाली, जास्वंदीच्या आड बसलो होतो. तिथनं चांगलं ऐकू येतं."

"पाहिलं कोणी?"

"कोणाला दिसू नये म्हणून तर आड बसायचं असतं, साहेब. सुतकातला माणूस समोर येऊन का बसतो?"

"आणि फोन का बंद केलास?"

माधवनं साहेबांकडं असं पाहिलं, जणू त्यांनी देवळापाशी चपला का काढल्या असं विचारलं असावं. "कीर्तन चालू होतं ना!"

"तू बाहेर होतास! झाडाखाली! तुला कोण बघत होतं?"

यावर माधवनं एकदा वर पाहिलं आणि मान खाली घातली. या प्रश्नाचं उत्तर ज्याला माहीत असतं तो ते तोंडानं सांगत नाही. साहेबांना वाटलं, सापडला.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, त्या देवळात बंद फोनचा अर्थ वेगळा आहे. जरा आधीच्या एकादश्या चित्रगुप्ताला दाखवा."

दाखवल्या. त्यानं जाळं विणलं आणि आमच्या समोर एक भलीमोठी टोळी उभी केली. दर एकादशीला एकाच जागी जमणारी, एकाच वेळी फोन बंद करणारी, एकाच वेळी चालू करून पांगणारी. खाली तांबड्या अक्षरांत: संघटित हालचाल, धोका मोठा.

साहेबांचे डोळे चमकले. "खटावकर! ही तर केवढी टोळी! म्होरक्या कोण असेल?"

"आगाशेबुवा, साहेब."

"आणि हा कोपऱ्यातला नंबर? ओळखीचा वाटतोय."

"माझाच आहे."

साहेब हसले, पण अर्धंच. "मला कीर्तनाचं कळत नाही, खटावकर. मला पुरावा कळतो. किल्ल्या दोन. एका माणसाला देवळात शंभर लोकांनी पाहिलंय आणि यंत्रानंही पाहिलंय. दुसऱ्याला ना माणसानं पाहिलं, ना यंत्रानं. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

खरं सांगायचं तर मी तेच केलं असतं. मी एवढंच म्हणालो, "उद्यापर्यंत थांबा."

"उद्या दुपारी त्याला कोर्टात उभा करणार. तोवर तुमचा."

बाहेर बाकाच्या एका टोकाला माधव बसला होता, दुसऱ्या टोकाला मी. मधे सुतकाचं अंतर. तो म्हणाला, "खटावकरमामा, तुरुंगाचं भ्या नाही. पण पंधरा-वीस दिवसांवर नवरात्र आलंय. देवीचा चोर म्हणून एकदा नाव पडलं, की माझ्या हातचा अंगारा कोण लावून घेईल? सुटून आलो तरी कोण लावून घेईल?"

मी आत जाऊन पुन्हा चित्रगुप्तासमोर बसलो. नानांनी आपण होऊन दिलेला फोन त्याला जोडलेलाच होता. जिल्ह्याला शिकवलं होतं की जागा फोन शेजारच्या जाग्या फोनांचा कानोसा घेत असतो, आणि त्याची खूण त्याच्या पोटात राहते. मी ती काढली. मुरलीधराच्या देवळात त्या संध्याकाळी नानांच्या फोनला शेजारी आणखी एक जागं यंत्र जाणवलं होतं. एकच. नाव होतं, कासार आजी.

मी कपाळावर हात मारला. भागूमावशी!

भागूमावशी कासार म्हणजे बायकांतली पहिली श्रोती. जन्मभर गावाला बांगड्या भरल्या, म्हातारपणी कानानं दगा दिला. म्हणून ती सगळ्यांच्या पुढं, तबल्याच्या शेजारी, खिडकीला टेकून बसायची. बुवा हसले की हसायची, बुवांनी डोळे पुसले की पदर डोळ्यांना लावायची. आणि परडीपाशी आली की दोन्ही रिकामे हात दाखवून मोठ्यानं म्हणायची, "मी फोन आणतच न्हाई बाई!"

तिच्या ओसरीवर गेलो. नातसुनेनं पाणी दिलं. मी मावशीच्या कानाशी वाकून म्हणालो, "मावशी, एकादशीला तुमचा फोन देवळात चालू होता."

म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं. नातसुनेला तिनं चहाच्या निमित्तानं आत पिटाळलं आणि माझा हात धरला.

"पोलिसापत्तुर गेलं का रं ते? बुवांनी सांगितलं?"

"काय सांगायचं होतं बुवांनी?"

"मी पापी हाय, इसू." लहानपणापासून ती मला इसू म्हणायची, वर्दीत असलो तरी. "सात-आठ एकादश्या झाल्या. फोन बटव्यात घालून, कंबरेला खोवून आत नेते. नातवानं दाखवलंय, तांबडं बटण दाबलं की आवाज भरून घेतो. देवळात मला काय ऐकू येतंय? टाळांचा नुसता कालवा. दुसऱ्या दिवशी घरात निजून फोन कानाला घट्ट लावला, की बुवांचा शब्द न् शब्द येतो रं. मग मी आदल्या दिवशीचं हसू दुसऱ्या दिवशी हसते."

"मग त्या दिवशीचं भरलेलं कुठाय?"

"पुसलं." तिनं डोळे टिपले. "त्या दिवशी कीर्तनात एक फोन वाजला म्हणं. मला काय ऐकू आला न्हाई, पण बुवा माझ्या बाजूला बघून कडाडले. शेजारणीला विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, देवाच्या दारात यंत्र जागं ठेवणाऱ्याला देव झोपलेला भेटतो. मला म्हणालं असतील न्हाई तर कुणाला? घरी आले नि सगळं पुसलं. साऱ्या एकादश्या पुसल्या. तरी आता तू आलासच."

मी तिच्या पाया पडलो. तिला वाटलं, अटकेच्या आधी पोलीस असंच करतात.

"मावशी, फोन द्याल मला? चित्रगुप्ताला पुसलेलं वाचता येतं."

"चित्रगुप्ताला?" म्हातारीनं छातीवर हात ठेवला. "त्येच्यापासनं कुणाचं लपलंय बाबा! ने."

पंचांसमोर फोन घेतला, रीतसर कागद केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रगुप्ताला जोडला. साहेब शेजारी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर पट्टी मुंगीच्या पावलानं सरकली आणि पुसलेल्या एकादश्या एकेक करून उठून बसायला लागल्या. भाद्रपदातली निवडली. मग ते वेचण्याचं काम. कालव्यातून पहिला धागा निघाला, बुवांचा गळा, असा स्वच्छ की मी चपला काढल्या. दुसरी पेटी, तिसरे टाळ, चौथा तबला. आणि मग यंत्र जरा अडखळलं आणि पाचवा धागा काढला. त्याखाली लिहून आलं: पुरुष, खिडकीच्या दिशेनं, भाषा ओळखता येत नाही, सांकेतिक असण्याची शक्यता.

"सांकेतिक!" साहेब उठूनच उभे राहिले. "लावा, लावा!"

लावलं. खालच्या पट्टीतला, स्वतःशीच पुटपुटल्यासारखा आवाज.

"धागेनती नकधिन, धागेनती नकधिन... हां, आता सोड... धागेनती... अरं पळतो कुठं, धर, धर... नकधिन..."

"हे काय आहे, खटावकर? कुठली भाषा आहे?"

मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणी मावेना. "केरवा आहे, साहेब. तबल्याचे बोल. शेट्यांचा ठेका आत घसरतोय आणि बाहेर जास्वंदीखाली बसून माधव तो तोंडानं सावरतोय."

पूर्वरंगापासून आरतीपर्यंत तो धागा कुठं तुटला नव्हता. माणूस जागेवरून हलला नव्हता. सुतकात तबल्याला हात लावायचा नाही, म्हणून त्यानं हात लावला नव्हता. तोंड आपलं आपण चाललं होतं.

माधवला आत बोलावलं. साहेब म्हणाले, "केरवा म्हण."

"आता?" माधवला वाटलं थट्टा चाललीय. "ठाण्यात? सुतकात?"

"म्हण रे बाबा."

तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला. चित्रगुप्तानं दोन्ही आवाज शेजारी शेजारी ठेवले आणि हिरवी खूण केली. मी त्याला खिडकीतला आवाज ऐकवला, तर तो गोरामोरा झाला. "मी हे मोठ्यानं म्हणत होतो? मामा, सुतकात बोल म्हटले की. दोष लागंल का हो?"

साहेबांनी कोर्टाचा कागद उचलून टेबलाच्या खणात टाकला.

कंपाउंडर शेट्यांनाही विचारायचं राहिलं नाही. "तुम्ही खिडकीला पाठ लावून बसला होता. बोल ऐकू आले नाहीत?"

शेटे ओशाळले. कीर्तनानंतर बुवांनी त्यांना नारळ दिला होता, आज ठेका फार सुरेख पडला म्हणून. "आले ना साहेब. पण मला वाटलं, आतूनच येतायत. म्हणजे... देवच सांगतोय. मी जन्मात एवढं बरं वाजवलं नव्हतं." मग जरा थांबून म्हणाले, "नारळ परत करू का?"

इथवर माधव सुटला. पण मुखवटा कुठं होता? साहेब म्हणाले, पुढं चालू द्या. उत्तररंग लागला. बुवा रंगात आलेले, आणि मधेच यंत्रानं एक नवा धागा काढला, फोनची घंटी. खणखणीत, परडीतून. बुवा थांबले. त्यांचा आवाज आला, "कोणाचा हो तो?" सगळं देऊळ शांत. घंटी वाजून वाजून थांबली. बुवांनी पद उचललं, तर परत घंटी. "अहो, ज्याचा असेल त्यानं उठून बंद करा. कोणी खाणार नाही तुम्हाला!" कुणी उठलं नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बुवा म्हणाले, "याला धनी दिसत नाही. धनी नसला तर देवाचा म्हणून ठेवून घेऊ!" सगळं देऊळ हसलं. आणि मग ते जाग्या यंत्राचं वाक्य, जे म्हातारीनं काळजाला लावून घेतलं होतं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी आवाज थांबवला, नानांच्या फोनचा कागद पुढं ओढला, आणि न उचललेल्या तीन फोनांवर बोट ठेवलं. वेळ तीच. काल ज्याला आम्ही भक्ती म्हणालो होतो, ते हेच न उचललेले फोन.

"देवळात होता," साहेब हळूच म्हणाले, "फोन."

नानांना बोलावलं. ते हसत हसत आले. फोन बंद करायला विसरलो म्हणाले, सचिवाच्या मागं शंभर व्याप. साहेबांनी घंटी ऐकवली.

"देवळात असलेल्यानं उठून बंद केली असती की, नाना. तुम्ही का उठला नाहीत?"

"त्या वेळी जरा... बाहेर गेलो होतो. लघवीला."

"तिन्ही वेळा?"

नाना घाम पुसायला लागले. आम्ही वहिनींनाही विचारलं. त्यांनी तीनदा फोन केला होता, दूध नासलं, येताना पिशवी आणा, एवढंच सांगायला. तिसऱ्यांदाही उचलला नाही म्हणून त्या अजून रागावलेल्याच होत्या.

संध्याकाळी मुखवटा नानांच्याच गुऱ्हाळात सापडला, रस उकळायच्या काहिलीखाली, गोणपाटात गुंडाळलेला. सुरुवातीला सगळ्यांना तोंड दाखवून नाना कीर्तनातून मागच्या मागं सटकले होते. जुन्या चांदीचा कुणी शहरातला शौकीन गाठला होता म्हणे. साहेबांनी विचारलं, फोन परडीत चालू का ठेवलात? नाना मान खाली घालून म्हणाले, "तुम्हीच सांगितलं होतं ना, साहेब. ज्याचा फोन चालू, त्यानं निर्धास्त झोपावं."

साहेब त्यानंतर कधी भाषणाला उभे राहिलेले मला आठवत नाहीत.

पुढं व्हायचं ते झालं. जिल्ह्यावरून शाबासकी आली, ती चित्रगुप्ताला. कंपनीनं आपल्या रंगीत पत्रकात छापलं की आमच्या प्रणालीनं देवीचा मुखवटा शोधला. खोटं नव्हतं. यंत्र पहिल्यापासून एकही शब्द खोटं बोललं नव्हतं, माधवला लाल दाखवलं तेव्हासुद्धा. पत्रकात भागूमावशीचं नाव नव्हतं, आणि असतं तरी तिला ते पाप छापून आल्यासारखंच वाटलं असतं.

नवरात्रात देवीला मुखवटा चढला. पहिल्या माळेला माधव अंगारा घेऊन उभा राहिला, आणि क्षणभर कुणी पुढं होईना. सुटला तरी नाव पडलं होतंच ना. मग साहेब आले, टोपी काढली आणि त्याच्यापुढं कपाळ केलं. त्यांच्यामागं रांग लागली.

पण मला सांगायचंय ते पुढच्या एकादशीचं. भागूमावशी देवळात येईना. तोंड कसं दाखवू म्हणून घरात बसलेली. मी बुवांना सगळं सांगितलं होतं. बुवांनी हातातल्या चिपळ्या खाली ठेवल्या. मग स्वतः तिच्या ओसरीवर गेले, तिला हाताला धरून घेऊन आले आणि खिडकीपाशी नेऊन बसवलं. सुतक फिटलं होतं. माधवनं तबला जुळवला. बुवा गादीवर उभे राहिले, वीणेला नमस्कार केला आणि नेहमीसारखे गरजले.

"सगळ्यांनी फोन बंद करून परडीत टाकले का?"

"टाकले!"

"भागूमावशी, तुमचा चालू आहे ना?"

म्हातारीला ऐकू आलं नाही. ती आपली बुवा हसले म्हणून हसली. बुवा गादीवरून खाली उतरले, तिच्या कानाशी वाकले आणि पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं भीत भीत कंबरेचा बटवा काढला. बुवांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि आपल्या पायांशी नाही, वीणेपाशी ठेवला.

मावशीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. बुवाही गेले. त्यांचा शिष्य कीर्तन करतो, परडी अजून दारात आहे. फोन बंद करा म्हणून झालं, की तोही खिडकीकडं बघून विचारतो, मावशी, तुमचा चालू आहे ना? नवी माणसं गोंधळतात, कोण मावशी म्हणून. जुनी माणसं हसतात.

आता तुम्ही इथवर ऐकलंत, तर माझं एवढं ऐका. कधी कुठल्या कीर्तनाला बसलात आणि फोन बंद केलात, की पूर्वरंग सुरू व्हायच्या आधी, दुसऱ्या दिवशी हसणाऱ्या त्या म्हातारीची एकदा आठवण काढा.